तुळजाने माझे सुतक पाळू नये

मी, जाईबाई कोंडू भोईर, राहणार मौजे पूर्णा, तालुका भिवंडी, वय सत्तरच्या आसपास (जन्मतारीख कोणी लिहून ठेवली नाही, पण जन्मले आहे हे नक्की), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र सांगते. मला अक्षर येत नाही. लिहिणार सावळाराम मास्तर. त्यांनी मध्ये स्वतःचे काही घालू नये म्हणून प्रत्येक कलम मी परत वाचून घेतले आहे.

कलम १. घर माझ्या नावावर आहे. रस्त्याकडच्या दोन खोल्या थोरला पंढरीनाथ याला, मागच्या दोन धाकटा केसरीनाथ याला. केसरीनाथच्या खोल्यांना अट आहे, ती कलम ५ मध्ये. तोवर त्याने शांतपणे ऐकावे.

कलम २. पंढरीनाथची मुलगी तुळजा हिने शाळेपासून आजवर शंभर मीटर, दोनशे मीटर, लांब उडी, खो-खो आणि कबड्डीत इतके कप आणले की फळीवर डब्यांना जागा उरली नाही. १९८७ सालचा कबड्डीचा कप मी तांदूळ मोजायला घेतला. तो तिची आई मंदा हिला. एक कप आणि वर मूठभर म्हणजे आमचा एका वेळचा भात. बाकीचे कप तुळजाचे. ती किती सेकंदांत पळते ते मला सांगता येणार नाही. घड्याळ कळत नाही. मागे राहिलेल्या मुली मोजता येतात.

कलम ३. पाटल्या मूळच्या दोन. एक १९८६ साली विहिरीत पडली असे मी सांगितले होते. ती पडली नव्हती. ती ठाण्याला विकून तुळजाला खिळ्यांचे बूट घेतले आणि बूट शाळेने दिले असे घरात सांगितले. केसरीनाथने दोन दिवस विहीर उपसली. विहीर स्वच्छ झाली, त्याबद्दल त्याचे आभार. उरलेली पाटली तुळजाला. तिचे मंगळसूत्र करू नये. बूट झिजतात.

कलम ४. हे माझ्या चुकीबद्दल. १९८८ साली आमचे हे वारले. सातव्या दिवशी पुण्याला राज्याची निवड होती. तुळजा जिल्ह्यात पहिली आलेली. पिशवी भरून माझ्यापुढे उभी राहिली.

"आजी, जाऊ?"

केसरीनाथ म्हणाला, "घरात सुतक हाय, आन् ही चड्डी घालून पळायला निघाली! गाव काय म्हणंल?"

पंढरीनाथ, तिचा बाप, भिंतीकडे बघत राहिला. मी म्हटले, "बस खाली."

ती बसली. दहावा दिवस सरेपर्यंत बसली. जिल्ह्यात तिच्यामागे दुसरी आलेली मुलगी पुण्याला गेली आणि निवडली गेली. हे असते तर त्यांनीच तुळजाला एसटीत बसवून दिले असते. मला ते अकराव्या दिवशी सुचले.

कलम ५. येत्या बारा डिसेंबरला पुण्याला पुन्हा निवड आहे. डॉक्टर हल्ली माझी तब्येत मला न सांगता मुलांना सांगतात. म्हणून लिहून ठेवते: मी त्याआधी गेले तर तुळजाने माझे सुतक पाळू नये. तिच्या वाटचे केसरीनाथने पाळावे, दहाचे वीस दिवस. त्याला आवड आहे. तिची पिशवी भिवंडीच्या एसटी स्टँडपर्यंत त्यानेच उचलावी. त्याने तिला अडवले तर मागच्या दोन्ही खोल्या गावच्या कबड्डी मंडळाला जातील, ज्यांच्या आरडाओरड्याची त्याने तीनदा तक्रार केली आहे.

मास्तर म्हणाले, "आजी, सुतकाचं कायद्यात बसत न्हाय."

"खोल्यांचं बसतं ना? मंग लिवा."

कलम ६. मी नेमकी तिच्या निघायच्या सकाळी गेले, तर आधी तिची गाडी सुटू द्यावी. मग मला उचलावे. मला कुठे वेळेवर पोचायचे नाही.

वरील सर्व ऐकून, पटून, डाव्या हाताचा अंगठा मी स्वतः दाबला आहे.

जाईबाई कोंडू भोईर (अंगठा)

साक्षीदार:
१. दामू लडकू तरे, शेजारी (सही)
२. नामा दौलत भोईर, अध्यक्ष, कबड्डी मंडळ (सही). खोल्या मंडळाला मिळू नयेत अशीच माझी, जाईबाईची, इच्छा आहे, हे नामाला सांगितले आहे. केसरीनाथला सांगितलेले नाही.

मुक्काम पूर्णा, दिनांक ९ नोव्हेंबर १९९२