नेणाऱ्याची सही

३ नोव्हेंबर, सोमवार
आले एकदाची मिरजगावला! हायवेलगतचं वीस खाटांचं हॉस्पिटल, मागच्या गल्लीत माझी खोली, खिडकीतून गुडघाभर ज्वारी. काम मनासारखं: पेशंटला घरी जायला तयार करायचं. इनचार्ज निकिता सिस्टर म्हणाल्या, नगरच्या पोरी इथं टिकत नाहीत. म्हटलं, बघाच. नगरात तरी माझं कोण बसलंय? अम्मी गेल्यापासून घराला कुलूपच.

६ नोव्हेंबर
खाट सात, बनुबाई. खुब्याचं ऑपरेशन. मी नुसतं सांगत नाही, करून घेते, वर वदवून घेते. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. मांडी घालायची नाही, उंच खुर्चीवरच बसायचं. म्हातारीला सगळं तोंडपाठ! फक्त घरी कोण आहे विचारलं, की भिंतीकडे तोंड फिरवते.

१० नोव्हेंबर
बनुबाईला उद्या सोडायचंय. कर्जतच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, आमच्याकडं धाडू नका. नेणाऱ्याची सही असल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. मला राहवलं नाही, मीच सही ठोकली. सबिहा, नातं मुलगी, पत्ता माझ्या खोलीचा. म्हातारी हरखली. म्हणाली, आता तुझ्याच घरी येनार मी, लई झालं. येताना मी दुसरं ताट आणि तिच्यासाठी एक उंच खुर्ची विकत घेतली. खूप दिवसांनी खूश आहे.

११ नोव्हेंबर
बनुबाई गेली. नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन माझी वाट बघत होती. बसल्या जागीच गेली. रक्ताची गाठ फुप्फुसात अडकली, असं डॉक्टर म्हणाले. पुतण्या देह घेऊन गेला. फाइलवर शिक्का मात्र आधीच पडला होता: घरी सोडले. फार रडले.

१३ नोव्हेंबर
दुपारी जरा पडले होते. गल्लीत टक. मग घासत एक पाऊल. मग दुसरं. ही चाल मीच शिकवलीय, मला ओळखू येणार नाही होय? दार उघडलं तर नुसतं ऊन. निकिता सिस्टर म्हणाल्या, दोन दिवस घरी जाऊन ये. कुठल्या घरी?

१५ नोव्हेंबर
आवाज आता उंबऱ्याच्या आत. उंच खुर्ची खिडकीपाशी सरकलेली. दुसरं ताट खरकटं. मी वाढलं नव्हतं —

१६ नोव्हेंबर
ओरडले. जा म्हटलं, हे तुझं घर नाही. तर तिनं खुर्चीतून हलक्या आवाजात सगळं म्हणून दाखवलं — वॉकर, पाय, मांडी — एकदाही न चुकता. मग म्हणाली, सही तूच केलीस की —

१७ नोव्हेंबर
फाइल काढून सही खोडली. कागद फाटेस्तोवर.
दिवसभर काही नाही. पाऊल नाही. कोणीच नाही. भीती गेली, आणि हे — हे जास्त वाईट आहे.

१८ नोव्हेंबर
मीच दार उघडं ठेवलं.
आलीय. समोर उभी आहे. विचारतेय, तुला न्यायला कोन येनार हाय? कुणी नाही म्हटलं. मग मी हाय की, म्हणाली.
हात गार आहे. पण किती दिवसांनी कुणी हात — थांब म्हटलं, एवढी ओळ पुरी —