धुरेवरचं वजन

निमगाव सावा, जानेवारी १९९७, मंगळवार

डोकं अजून तापलेलंच आहे. ओतूरच्या सरकारी भरतीच्या परीक्षेच्या क्लासात आज सरांनी तरफ शिकवली. एका टोकाला भार, मधे टेकू, दुसऱ्या टोकाला बळ. आणि वर म्हणाले, "मुलींनो, यंत्रांचे प्रश्न तुम्ही सोडून द्या. भाषेत मार्क काढा."

का सोडू? कांद्याच्या गोण्या मागे जास्त झाल्या की बैलगाडी उलाळ होते, बैल जुंपायची पुढची धुरा वर उचलते. म्हणून गाडी भरताना कळती झाल्यापासून मलाच धुरेवर बसवतात. गोण्या म्हणजे भार, चाकांचा आस म्हणजे टेकू, आणि बळ म्हणजे मी! हे उभं राहून सांगितलं, तर सर म्हणाले, "ही गाडी हाकायची भरती नाही." सगळा वर्ग हसला. यात हसण्यासारखं काय होतं?

घरी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "सर म्हनत्यात तर सोड की. लई डोकं नको लावू. आन् सकाळी कांदा भरायचाय, धुरंवर बसाया लवकर ऊठ."

म्हणजे गाडी तोलायला मी हवी, आणि मार्क मात्र पोरांनी घ्यायचे?

बसेन सकाळी धुरेवर. पण पेपरात तरफ आली, तर सगळ्यात आधी तिलाच हात घालीन.