कालवांची उपासमार होऊ नये म्हणून

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी. काम: खाडी साफ करणे. एकट्याने.

आमच्या धक्क्याखालचं पाणी हिरवं झालंय. वास येतो. ही म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हापासून ओहोटीला पायरीवर बसून पाण्यात पाय सोडत आले, आता खिडकीसुद्धा उघडवत नाही. मे संपेपर्यंत वास गेला नाही तर बहिणीकडे राहायला जाईन. हसून म्हणाली नाही.

काळजीचं कारण नाही. दोष शेजारच्या कप्तानांचा. (आयुष्यभर पोस्टात होते. टोपी घालतात म्हणून कप्तान.) त्यांचं सांडपाणी. माझी खात्री आहे.

संध्याकाळी लॉनला युरिया टाकला. स्वतःचं म्हणून सांगत नाही, पण बघत राहावं असं लॉन. थेट पाण्यापर्यंत उतरलेलं.

७ मार्च
लेकीला फोन. ती कॉलेजात खाडीवरच संशोधन करते. म्हणाली, कालवं पाणी गाळतात. शिंपला उघडून पाणी आत घ्यायचं, त्यातलं शेवाळ खायचं, स्वच्छ पाणी बाहेर सोडायचं. अरे वा! बिनपगारी नोकर! पुढे ती खताबद्दल काहीतरी सांगत होती, पण मला उत्साह आवरेना. फोन ठेवला.

११ मार्च
माळ्यावरून पोपटाचा जुना पिंजरा काढला. मासळीवाल्या मावशींकडून टोपलीभर जिवंत कालवं आणली. त्यांनी विचारलं, रस्सा की सुकं? म्हटलं, खायची नाहीत, कामाला ठेवायची आहेत. त्यांनी पैसे आधी मागितले.

पिंजरा धक्क्याला बांधून पार तळाशी सोडला. अर्धवट काम मला आवडत नाही. कप्तानांनी कुंपणावरून विचारलं, काय बुडवताय? म्हटलं, तुमची पापं.

१९ मार्च
पाणी निवळतंय. हिला दाखवलं. म्हणाली, ऊन गेलंय म्हणून तसं दिसतंय. शंकेखोर बाई.

२ एप्रिल
पिंजरा वर काढून पाहिला. कालवं मरगळलेली. मग डोकं चालवलं. कालवं शेवाळ खातात. शेवाळ खतावर वाढतं. म्हणजे बिचाऱ्यांची उपासमार होतेय, आणि कारण खताची टंचाई. इतकं सोपं, आणि लोक यात डॉक्टरेट करतात! अर्धं पोतं युरिया थेट पिंजऱ्यावर ओतला. हिला सांगितलं नाही. सरप्राइज.

९ एप्रिल
शेवाळ जोरात! पाण्यावर पोपटी साय धरलीय. पानं वाढून झाली, आता पंगत बसायची बाकी. ही नाकाला रुमाल लावून स्वयंपाक करते. थोडं नाटकीच.

१७ एप्रिल, सकाळी
मासे वर आलेत. पोटं वर करून. वासाबद्दल न लिहिलेलं बरं. कप्तानांना कुंपणावरून जे सुनावायचं ते सुनावलं. हिने लेकीला बोलावून घेतलंय. उत्तम. आता तज्ज्ञच कप्तानांचा निकाल लावेल.

१८ एप्रिल
निकाल लागला. लेकीने बाटल्यांत पाणी भरून औषधाचे थेंब टाकले. जितकं खत, तितकं पाणी लाल. कप्तानांच्या पाइपाखाली जेमतेम गुलाबी. आमच्या लॉनखाली बिटासारखं लाल. म्हटलं, बाटली खराब असेल. तिने दुसरी भरली. तीही खराब निघाली.

मग म्हणाली, बाबा, गवताने घेतलं तेवढं खत घेतलं, उरलेलं वाहून खाडीत. त्यावर शेवाळ माजतं, मरतं, तळाशी कुजतं, आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. तुम्ही पिंजरा नेमका तिथेच सोडलात. कालवं गाळतात हो, पण गाळून गाळून किती गाळतील? नळ सोडून ठेवायचा आणि पोतेरं फिरवत बसायचं, असं चाललंय तुमचं.

अर्ध्या पोत्याचंही सांगून टाकलं. हिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ही आत जाऊन बॅग भरायला लागली.

२० एप्रिल
ही बहिणीकडे गेली. मे संपायचीसुद्धा वाट पाहिली नाही. सवयीने चहा दोन कप टाकला. दोन्ही मीच प्यायलो. पिंजरा काढला. कालवं आ वासून मेलेली. फार वाईट वाटलं.

निर्धार: खत बंद. लॉन गेलं खड्ड्यात.

१४ मे
लॉन पिवळं. पाणी जरा बरं. लेकीच्या सांगण्यावरून नवी कालवं आणली, धक्क्याच्या टोकाला, वाहत्या पाण्यात, वरच्यावर टांगली. टिचकी मारली की खटकन मिटतात. जिवंत आहेत. दिवसातून किती टिचक्या मारतो ते लिहीत नाही.

२६ मे
कप्तानांची माफी मागितली. माणूस दिलदार. एका शब्दाने टोचलं नाही. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून घरात पडून होतं ते देऊन आलो. भलतेच खूश झाले.

३० मे
हिचा फोन! वास? म्हटलं, गेला. लॉन? पिवळं. खत? म्हटलं, घरात चिमूटभर उरलेलं नाही, तुझी शपथ. मग म्हणाली, रविवारी येते, ओहोटी केव्हा आहे ते बघून ठेव. फोन ठेवून रडलो. लिहायला हरकत नाही, कोण वाचणार आहे.

३१ मे, शनिवार
सकाळपासून पायरी घासली. मान वर केली तर शेजारी कप्तान, डोक्यावर टोपी, काखेत माझं पोतं, पाण्याच्या कडेकडेने मुठीमुठीने युरिया उधळतायत. लांबूनच ओरडले, तुमचं लॉन बघून कधीपासून मनात होतं हो, पण हात आखडता घ्यायचो. तुम्ही दिलंत म्हणून सगळी पोती एकदमच टाकली. देवमाणूस आहात!

उद्या ओहोटी दुपारी चारला आहे.