लटारू गुरुजींची छडी आणि माझी ‘ब’ तुकडी

पोंभुर्णा,
२ ऑगस्ट १९८१

आदरणीय रामाजी भाऊजी यांना देवरावचा सविनय जयभीम. कमलाबाईची कंबर आता वाकू देते का? माजरीच्या कोळशाच्या धुळीत तुमचा खोकला कसा आहे? इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

आमच्या शाळेत तिसरीच्या दोन तुकड्या. ‘अ’ लटारू गुरुजींकडे, ‘ब’ माझ्याकडे. ते मारतात, मी मारत नाही. मुलांना मारावं की नाही, यावर परवा पालकांची सभा झाली. मी दीड तास बोललो (घसा बसला, अजून काढा घेतो). मग म्हातारे इतवारीबुवा उठले, वाकडी करंगळी वर केली आणि म्हणाले, “ही मास्तरानं वाकवली, म्हून मले पाढे येते.” टाळ्या पडल्या, सभा संपली. दुसऱ्या दिवशी माझी अकरा मुलं ‘अ’मध्ये गेली. बारावा आमचा श्रावण. त्याच्या आईने, रुखमानेच नेऊन बसवला. विचारलं तर म्हणते, “तुमी मारत नाई, मंग पोरगं शिकन कसं?”

खरं सांगतो भाऊजी, माझा जळफळाट होतो. लोक त्यांना तांदूळ देतात, चारोळी देतात आणि हौसेने तासलेल्या बांबूच्या छड्या देतात. एकाने तर तेल पाजून, मुठीला लाल दोरा बांधून आणली. मला बारा वर्षांत कोणी खडूचा तुकडा दिला नाही. शेवटी मीही डोळे वटारून टेबलावर छडी आपटली. मुलांना वाटलं कविता सुरू झाली, सगळी तालात म्हणू लागली. पट आणखी घसरला तर ‘ब’ तुकडी बंद आणि माझी बदली भामरागडच्या जंगलात. तिथे पावसाळाभर घरची चिठ्ठीसुद्धा पोचत नाही.

आपला,
देवराव

ता.क. मूळ काम राहिलंच. शिक्षण सभापतींशी तुमचं उठणंबसणं आहे. माझ्याऐवजी लटारू गुरुजींनाच भामरागडला धाडता येईल का? शब्द टाकून बघा. माझं नाव घेऊ नका.

ता.क. २. पत्र टाकायला निघालो तर दारात लटारू गुरुजी. सोबत त्यांची लेक सुगंधा, त्यांच्याच वर्गात शिकणारी. “हिले तुमच्या वर्गात घ्या, देवराव सर.” मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, “काऊन गुरुजी? मारल्याबिगर पोरं शिकते का?” ते म्हणाले, “घरी जेवाले हाक मारली, तरी दोन्ही तळवे पुढं करून उभी राह्यते.”

तिचं नाव मी पटावर घेतलं. सभापतींना काही बोलू नका. बोलायचंच तर रुखमाशी बोला, लवकर बोला. श्रावण अजून तिकडेच आहे.