स्ट्रॉची पेंढी

सर,

उद्या सकाळी आपली लॅब रिकामी होणार. तेवढंच तुमच्या कानावर घालावं म्हणून लिहायला बसले आणि मग लक्षात आलं, सांगायचंय ते वेगळंच आहे. लॅबचं म्हणाल तर ती जाणार हे केव्हापासून दिसतच होतं. शेजारच्या कॉम्प्युटर विभागात मुलं मावत नाहीत आणि आपल्या ज्वलनाच्या विषयाला यंदा एकाही मुलाने नाव दिलेलं नाही. तुम्ही असता तर प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसला असता आणि आत बोलावेपर्यंत हलला नसता. मला नाही जमत ते. मी चिडते, तोंडातून भलतंच काहीतरी निघतं आणि मग घरी येऊन भांडी आपटते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझीही आता रिटायर व्हायची वेळ आली, पण स्वभाव काही सुधारला नाही.

तुमचा बर्नर अजून त्याच कोपऱ्यात उभा आहे. खालच्या ब्लोअरची हवा पत्र्याच्या जाड नळकांड्यातून वर चढते, मधोमध गॅसची बारीक नळी आणि तिच्या तोंडावर ज्योत. गॅसचा वेग वाढवत नेला की ज्योत नळीचं तोंड सोडते, वर उचलली जाते आणि अधांतरी जळत राहते. तुमचं सगळं आणि माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य त्या अधांतरी ज्योतीत गेलं. तिच्या बुडाला निळी कड, त्या कडेला एका बाजूला खाच, आणि ती खाच सावकाश गोल फिरायची. नेहमी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यासारखी. वरून तिरपा आरसा धरून आपण ती बघत बसायचो. दुसरीकडे कुठेही कुणाला ती अशी फिरताना दिसली नव्हती. तुम्ही म्हणायचा, ज्योत स्वतःच्या उष्णतेने स्वतःला फिरवते, आणि ते का, याचं गणित तुम्ही मांडलंत. मी त्याच गणितावर पीएचडी केली. पुढे वर्षानुवर्षं तेच फळ्यावर लिहून मुलांना शिकवलं.

मी नवीन होते तेव्हाची एक दुपार मला अजून लख्ख दिसते. एप्रिल आहे, खिडक्या बंद, छताचा पंखा बंद, आम्ही चार-पाच जण स्टुलांवर घामाने निथळत बसलोय आणि बोलायचं नाही असा तुमचा हुकूम आहे. हवा बसू दे, म्हणता तुम्ही. खोलीतली हवा आमच्या चालण्या-बोलण्याने ढवळते, ती निवल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही. ओझरकडून एखादं विमान उडालं की तुम्ही नुसता हात वर करता, कारण त्या आवाजानेही ज्योत थरथरते, आणि मग पुन्हा पहिल्यापासून बसणं. बाबा तिथल्याच विमानांच्या कारखान्यात होते, आम्ही तिकडेच राहायचो. बस चुकली की घरी बोलणी. म्हणून त्या दिवशी मी हवा बसायची वाट न बघता लायटर दाबला. तुम्ही ओरडला नाहीत. गॅसचा कॉक बंद केलात आणि अगदी शांतपणे म्हणालात, "तुला चहाची टपरी टाकायची असेल तर टाक. तिथे ज्योत पेटली की काम झालं. इथे ते चालायचं नाही." बसमध्ये मी रागाने रडले. एवढं कसलं ते, शेगडी तर आहे, असं आईला सांगितलं आणि उद्यापासून जाणार नाही म्हणून जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसले, कारण ती खाच मला पुन्हा बघायची होती.

आता स्ट्रॉचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडलंय. ब्लोअरमधून येणारी हवा भोवऱ्यांनी भरलेली असते, ती सरळ वर चढावी म्हणून वाटेत नळ्यांचा जुडगा बसवावा लागतो. परदेशात त्यासाठी तयार जाळी मिळायची. आपल्याकडे सरबत प्यायच्या स्ट्रॉ. सीबीएस बसस्टँडजवळच्या सरबतवाल्याकडून तुम्ही गठ्ठेच्या गठ्ठे आणायचा आणि तो दर वेळी विचारायचा, "सर, घरी कार्य हाय का?" तुम्ही गंभीरपणे हो म्हणायचा. स्ट्रॉ कडक होऊन तडकल्या की नवी पेंढी बांधायची, पण ती नळकांड्यात बसवायचं काम तुम्ही कुणालाही करू दिलं नाहीत. बाह्या वर सारून, दोन्ही हातांनी पेंढी धरून, दाबता दाबता एक पीळ देऊन तुम्ही ती आत सारायचा. मी एकदा विचारलं, पीळ कशाला? तुम्ही खूश झालात. तुमचे वडील मनमाडच्या रेल्वे यार्डात होते, डब्यांच्या चाकांपाशी तेलात भिजवलेलं सूत पेटीत ठासून बसवायचे. "पिळून बसवलं की हलत नाही, बाप म्हणायचा. आमच्या घरातली एवढीच विद्या मी इथपर्यंत आणली," असं म्हणून तुम्ही हसलात. मलाही ते फार आवडलं होतं.

माझी पीएचडी झाली त्या संध्याकाळी तुम्ही मला घरी जेवायला नेलंत. काकू स्वयंपाकघरात मांडे करत होत्या, पिठाने कोपरापर्यंत हात माखलेले, आणि तुम्ही त्यांना बाजूला सरकवून शेजारच्या बर्नरवर आरसा धरला आणि मला म्हणालात, बघ, ही फिरत नाही, ही मूर्ख आहे. काकू म्हणाल्या, ही मूर्ख आहे म्हणूनच तुम्हाला जेवायला मिळतंय. निघताना तो आरसा तुम्ही माझ्या पर्समध्ये टाकलात. लॅबमधला होता असं मी समजत होते. मागून काकूंचा आवाज आला की अहो, आता दाढी कशात बघून करणार? एवढ्या वर्षांत त्याचा पारा एका कोपऱ्यातून गेलाय, बाकी चांगला आहे.

तर आता यंदाचं. आमचे विभागप्रमुख एके काळी माझेच विद्यार्थी. मुलगा चांगला आहे, तोंडावर गोड आणि मागे तिखट असला प्रकार नाही. तो म्हणाला, मॅडम, लॅब वाचवायची तर एकच रस्ता आहे, इथे असं काय आहे जे दुसरीकडे कुठेच नाही, ते कमिटीला दाखवायचं. मी म्हटलं, आपली ज्योत फिरते. त्यावर तो जरा चाचरला. त्याने कॉम्प्युटरवर आपली ज्योत जशीच्या तशी उभी केली होती आणि ती काही केल्या फिरत नव्हती. माझंच काहीतरी कमी पडत असेल, म्हणाला, तुम्ही खालून येणारी हवा कशी येते तेवढी मोजून द्या, ती मी मॉडेलमध्ये घालतो. मी जराशी फणकारले. हवा कशी येते म्हणजे? सरळ येते, त्यासाठीच तर स्ट्रॉ आहेत! पण हट्टाने दाखवून द्यायचं म्हणून मी आईच्या शिवणाच्या डब्यातला रेशमी दोरा आणला, गॅस बंद ठेवून नळकांड्याच्या तोंडावर धरला. दोरा सरळ वर उडायला हवा होता. तो एका बाजूला कलला. हात गोल फिरवत नेला तसा तो गोलाच्या कडेकडेने कलत राहिला, ज्या दिशेला आपली खाच फिरायची त्याच दिशेला.

नळकांडं खोललं. पेंढी तुमच्याच हातची होती. कडेच्या काही स्ट्रॉ तडकल्या होत्या, तरी तुमच्यानंतर ती कुणी बदलली नव्हती, आणि पुढे प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली. वरून पाहिलं तर प्रत्येक स्ट्रॉ किंचित तिरकी, सगळ्या मिळून पीळ घातलेल्या दोरासारख्या. मग मी कागदी स्ट्रॉ आणल्या, एकेक करून सरळ रचल्या, जराही न पिळता. हवा बसू दिली. ज्योत पेटवली, वर उचलली, आरसा धरला. खाच जागच्या जागी. मी कितीतरी वेळ बघत राहिले, ती ढिम्म हलली नाही. मग तीच कागदी पेंढी काढून उलट्या बाजूला पीळ देऊन बसवली. खाच उलटी फिरायला लागली. मी गॅसचा कॉक बंद केला.

मला तुमचा राग आला सर. खोटं कशाला बोलू? इतका राग आला की तुम्ही समोर असता तर मी काहीही बोलले असते. पंखा बंद करायला लावलात, श्वास जपून घ्यायला लावलात, आकाशातल्या विमानासाठी थांबलात, आणि स्वतःच्या हाताकडे एकदा बघितलं नाहीत. जगभर कुणालाच ती फिरताना दिसली नाही, कारण जगभर कुणाचे वडील मनमाडच्या यार्डात सूत ठासत नव्हते. यावर हसू आलं आणि मग रडू आलं. तुमचं गणित मी पुन्हा तपासलं. त्यात कुठेही चूक नाही. फक्त ते ज्या गोष्टीचं कारण सांगतं, ती गोष्टच नाही. आता माझ्या हातात काय राहिलं, तुम्हीच सांगा. मला तर काहीच दिसत नाही.

प्रमुखाला मी त्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, हे कळवायला हवं, तो पेपर छापलेला आहे. ते काय मला कळत नव्हतं? मी दुरुस्ती लिहून काढली, पान-दीड पान झाली. पण आपला पेपर ज्या नियतकालिकात आला होता ते कधीच बंद पडलंय. संपादक हयात नाहीत, ईमेल परत येतो. ज्या तिघा-चौघांनी आपला उल्लेख केला होता त्यांना पाठवली. एकाचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार, आता मी या विषयात नाही. चूक कबूल करायलाही समोर कुणी असावं लागतं, सर. कमिटी आली तेव्हा प्रमुखाने विचारलं, यातून अजून काही निघेल असं वाटतं का? मी नाही म्हटलं. कमिटीच्या लोकांनी बर्नरकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आज रविवार. काकूंना सांगायचं ठरवून दुपारी सिडकोत गेले. त्या आता मुलीकडे असतात, दिसतं कमी, पण मला आवाजावरून ओळखतात. जिना चढताना वाक्यं जुळवत होते, हळूच कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. त्यांनी बसायच्या आधीच विचारलं, दर वेळी विचारतात तसं.

"फिरते ना गं अजून?"

मी काही बोलायच्या आत त्याच पुढे म्हणाल्या, दवाखान्यात शेवटी शेवटी त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. मी रडायला लागले की म्हणायचे, "मी गेलो तरी ती थांबायची नाही. तिला माझी गरज नाही, ती आपली आपण फिरते."

तुम्ही असं म्हणाला होतात, हे मला माहीत नव्हतं. मी काकूंचा हात धरला आणि म्हटलं, फिरते, काकू. त्यांनी चहा ठेवायला सांगितला. लॅब उद्या रिकामी होणार हेही मी बोलले नाही. चहा झाला, जावयाच्या तक्रारी झाल्या, गुडघ्यांचं झालं, आणि मी उठले.

तिथून घरी यायचं सोडून सरळ कॉलेजवर गेले. वॉचमनकडून किल्ली घेतली. कागदी स्ट्रॉ काढून टाकल्या आणि तुमची पेंढी होती तशी परत बसवली, न पिळता, न दाबता, तिचा पीळ तिच्यात होताच. छताचा पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि स्टुलावर बसून राहिले. मध्येच ओझरकडून विमान गेलं आणि माझा हात आपोआप वर झाला, खोलीत कुणी नसताना. पुन्हा पहिल्यापासून बसले. मग पेटवली. खाच फिरायला लागली, सावकाश, तुमच्या दिशेने. उद्या बर्नर भंगारात जाईल. पेंढी मी घरी आणलीय, स्वयंपाकघरात फडताळावर आहे, तिचं काय करायचं ते मला माहीत नाही. हे पत्रही मी कुठे टाकणार नाही, काकूंच्या हाती लागलं तर वाचून दाखवायला सांगतील.

एक राहिलं. ती का फिरते हे मला ठाऊक होतं. तरीही आरशात ती वळताना दिसली तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "बघा सर, फिरतेय." आणि मला बरं वाटलं.