गोदाबाईच्या नावचं पोतं

प्रिय श्रुतिका,

फोन सोडून पत्र लिहून राह्यली म्हणून घाबरू नको, घरात कोणी मेलं नाही. फोनवर तू मले बोलू देत नाहीस. जेवलीस का, गोळी घेतलीस का, इतकं विचारून तुझं होऊन जाते आणि मी हौ हौ करून ठेवून देते. पत्राच्या मधात तोंड घालता येत नाही. मी माहेरी आमगावच्या शाळेत तिसरीपर्यंत गेली, त्यातही अर्धा वेळ बहिणीचं पोट्टं कडेवर, म्हणून अक्षर असं वाकडं आहे. तू इकडच्या हिंदी शाळेत शिकलीस, तुले मराठीपेक्षा हिंदी बरं वाचता येते हे मले माहीत आहे, पण माझ्याजवळ हेच आहे. हळूहळू वाच. आणि कोणाले वाचायले देऊ नको.

तू पाठवलेला कॉफीच्या बागेचा फोटो पाह्यला. लाल फळं, उतारावरची झाडं आणि मधात तू कंपनीची टोपी घालून. तुझा बाप धम्मपाल सगळ्या आळीत फोन फिरवून आला. म्हणे, आपल्या पोरीले कंपनीनं स्वतःच्या खर्चानं कर्नाटकात ट्रेनिंगले पाठवलं, आता आली की मोठी साहेबीण होते. शेजारच्या मैनाबाईनं विचारलं, टोपी तिथंच ठेवून येते का घरी आणते? तो चिडला. मी हसली नाही. मले हसू आलं नाही, हे तुझ्या बापाच्या ध्यानात आलं. त्यानं विचारलं, माय, तुझं पोट दुखते का?

इथला तुझ्या कंपनीचा कारखाना चालू आहे. तिकडून कॉफीची पोती येतात, त्यात आपल्या गावचा तरोटा भाजून, दळून मिसळतात आणि थंडी कॉफी म्हणून शिश्यात भरून पाठवतात. बांधावर, पडीकात, कुठंही उगवणारा तरोटा. श्रावणात कोवळ्या पाल्याची भाजी खायची आणि मंग त्याच्याकडे कोणी पाहायचं नाही. त्याच्या बियांची कॉफी होते हे तू सांगतलं तवा मी म्हटलं होतं, शहरातल्या लोकांच्या जिभेले काय झालं? एक शिशी मी पिऊन पाह्यली. जळलेल्या कढईत पाणी फिरवल्यावानी लागली. पण त्या शिशीमुळं गावातल्या बायांले परसवाड्याच्या बाजारात उन्हात बसणं सुटलं, हे मी मानते. हे तू केलं, हेही मानते. तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू लगेच रडतेस.

शाळेच्या ओट्यावर तू बायांची घेतलेली ती मीटिंग तुले आठवत असेल. तरोटा उपटायचा नाही, विळ्यानं कापायचा. चौथा हिस्सा बियासाठी उभा ठेवायचा. आणि रस्त्यावर मळायचा नाही, ताडपत्रीवर काठीनं झोडपायचा. पहिल्या दोन गोष्टी बायांनी ऐकून घेतल्या. तिसरीले सगळ्या एकमेकींकडे पाहायले लागल्या. आपल्याकडे कुळीथ असो का तरोटा, शेंगा डांबरी रस्त्यावर पसरायच्या, उकव्याकडून येणारे ट्रक आणि बैहरची बस वरून गेली की दाणे मोकळे, मंग खराट्यानं गोळा करायचे. माझ्या सासूनं सडक झाल्यापासून तेच केलं. दुर्गाबाई म्हणे, मंग काय आता ट्रकले आमच्या आंगणात बोलावू? तू समजावत होतीस, डांबर लागते, गाडीचं तेल लागते, विलायतेतले लोक दाणा दाणा तपासून घेतात. मी सगळ्यांसमोर म्हटलं, तुझ्या साहेबाले सांग, एक दिवस काठी घेऊन ये आणि झोडपून दाखव. सगळ्या हसल्या. तुझे कान लाल झाले. घरची म्हातारीच ऐकत नाही तर गावानं काहून ऐकावं, असं तुले वाटलं असेल. पण बाकीच्या बायांनी ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त मी.

तू मले निळी ताडपत्री आणून दिली होतीस. थोडं झोडपलं, खांदा धरला. मंग ताडपत्री कोठीत टाकली आणि शेंगा नेऊन वळणापलीकडे सडकेवर पसरल्या, जिथं गावातलं कोणी येत नाही. तवा लाज वाटली नाही. उलट जिंकल्यावानी वाटलं. दाणे झाडले, पाखडले, पोत्यात भरले आणि पोत्याचं तोंड माझ्या फाटक्या हिरव्या लुगड्याच्या काठानं बांधलं. तू गाडी घेऊन पोतं न्यायले आलीस. तोंड सोडून पाह्यलं, मूठभर दाणे नाकाले लावले आणि विचारलं, आजी, याले डिझेलचा वास काहून येते? मी म्हटलं, तुझ्या गाडीचा असंल. तू माझ्याकडे पाह्यलं. एवढा वेळ पाह्यलं की मी चुलीकडे वळली. मंग मीच पोतं माझ्या गाठीनं परत बांधलं आणि तू ते गाडीवर टाकलं.

त्यानंतर काय झालं ते तुले माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कारखान्यात पोत्यात नळी खुपसून दाणे काढले, जांचीत माल खराब निघाला. तेजराम मॅनेजरनं विचारलं, हे पोतं कोणाचं, आणि तू गोदाबाईचं नाव सांगतलं. गोदाबाईचं घर सडकेले लागून. नवरा नाही, पोरगा तिकडे नागपुरात, कधी येते कधी नाही. ती म्हणे, माझं नाही साहेब. कोणी ऐकलंच नाही. तिचा तरोटा बंद केला आणि कारखान्याच्या शेडमधल्या दाणे निवडायच्या कामावरून काढली ते वेगळंच. दुसऱ्या बायांले धडा म्हणून ते पोतं गेटजवळ ठेवलं होतं. मीही पाहायले गेली. हिरवा काठ माझा होता, गाठही माझी होती. अशी उलटी गाठ गावात दुसरी कोणी मारत नाही. तूही ती गाठ लहानपणापासून पाहत आलीस. तू तिथंच उभी होतीस, माझ्याकडे न पाहता. आणि ज्या बुढीचं तोंड बंद करायले आजपर्यंत कोणी जन्मलं नाही असं गाव म्हणते, ते तोंड त्या दिवशी बंद राह्यलं. दुर्गाबाई म्हणे, सडकेजवळ राहणाऱ्यांचा भरवसाच नाही. मी हौ म्हणून मान हालवली. ही मान हालवलेली मले आता झोपू देत नाही.

तू ट्रेनिंगले गेलीस त्यानंतर मी गोदाबाईकडे गेली. धीर द्यायले आली असं तिले वाटलं. तिनं बिनदुधाचा चहा दिला. तिचं आंगण इतकं झाडलेलं होतं की माती खरवडून निघाली होती. म्हणे, बाई, मी ताडपत्रीवरच झोडपलं, पण ट्रक जाते तवा वारा येते, धूळ उडते, माझ्याच आंगणातून काही गेलं असंल. मी नीट झाकायले पाह्यजे होतं. मी तिच्यापुढं बसून चहा पिऊन राह्यली होती आणि ती माझ्या चुकीले आपल्या आंगणात जागा करून देत होती. वरून म्हणे, श्रुतिकाचा दोष नाही, तिले तर माझं नाव घेताना किती जड गेलं असंल. मी चहा अर्धा ठेवून उठली. श्रुतिका, मले सासूनं मारलं तवाही अशी लाज वाटली नव्हती.

काल मी तिले सांगतलं. पोतं माझं होतं, सडकेवर मळलं होतं, सगळं. ती तांदूळ निवडत होती. निवडत राह्यली. रागावली असती तर बरं झालं असतं, रागावल्या माणसाशी मले बोलता येते. मंग मी कारखान्यात गेली आणि तेजराम साहेबाले शेडमधल्या बायांपुढं सांगतलं. दुर्गाबाई म्हणे, आता बुढीले झोडपायले काठी कोण आणते? मी म्हटलं, तूच आण, तुझ्या हाताले जोर आहे. साहेबानं माझा माल बंद केला. बरोबर केलं. गोदाबाईले सोमवारपासून शेडमध्ये ये म्हणून निरोप पाठवला. मंग त्यानं मले बाजूले घेऊन विचारलं, पोतं तुमच्या घरून श्रुतिकानंच आणलं होतं ना, तिले माहीत नव्हतं का? मी म्हटलं, तिचं तिले विचारा. खोटं बोलली नाही, खरंही बोलली नाही. तो तुले फोन करंल.

पण हे पत्र त्याच्या फोनसाठी लिहिलं नाही. मी सगळं सांगून गोदाबाईच्या घरून निघाली तवा तिनं सूप खाली ठेवलं आणि मले एकच विचारलं: मंग श्रुतिकाले कसं चुकलं, ती तर इतकी हुशार आहे? तिनं टोमणा मारला नाही, तिले खरंच कळलं नव्हतं. ते उत्तर तुझं आहे म्हणून मी तशीच सडकेले लागली. तू माझ्यासाठी तिचं नाव घेतलं हे मले समजते, पण ते मले नको होतं, आणि आजीसाठी केलं असं माझ्या नावावर तिले सांगूही नको. नोकरी राहील का जाईल हे मले माहीत नाही. गेली तर विळा घरात आहे, आणि तरोटा कापायले तुले मीच शिकवलं आहे. येशील तवा बस गोदाबाईच्या घरासमोरूनच येते, ड्रायव्हरले तिथं थांबवायले सांग. बॅग घेऊनच आत जा. मी घरी आहे, माझ्याकडे मंग ये.

तुझीच,
आजी