नव्वद दिवसांची हमी

रिसोड,
क्षमावणीनंतरचा दुसरा दिवस, सप्टेंबर १९७५

प्रिय जिनदास,

पत्र मराठीत पाहून तू पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचशील. तू परदेशी गेल्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून आपण एकमेकांना इंग्रजीतच लिहीत आलो. आपली ती जुनीच खोड. चार वर्षांचा होतास तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांसमोर काही हवं झालं की माझ्या कानाशी येऊन इंग्रजीत मागायचास, आणि मला नागपूरचं कॉन्व्हेंट आठवायचं. माझं एकटीचं ताट दिवस मावळायच्या आत वाढून झाकून ठेवणारी ती म्हातारी सिस्टर आठवायची. लग्न होऊन या घरात आले आणि ती भाषा बोलायला कोणी उरलं नाही. मग तू बोलायला लागलास. आज मराठी का, ते शेवटी सांगते.

आधी तुझं काम. मार्चमध्ये तू लिहिलंस की इंग्रजी शिकवणाऱ्या रेकॉर्डींचा एक संच निघाला आहे, आईनं तो तपासावा, पैसे वसूल होण्यासारखा असेल तर घ्यावा, आणि तारामती चार माणसांत बोलू लागली की तिचं तिकीट पाठवीन. एवढं मी ओसरीवर सगळ्यांना मराठी करून वाचून दाखवलं. लग्नानंतर आठ महिन्यांत तू गेलास, तेव्हापासून तिची ट्रंक भरलेलीच आहे, हे तुला माहीत असावं. तुझ्या बाबांनी त्याच आठवड्यात अकोल्याला, संच विकणाऱ्या कंपनीकडे, निरोप धाडला.

जूनमध्ये उकंडराव नावाचा विक्रेता एसटीनं आला. बारा रेकॉर्डी, तीन पुस्तकं आणि सेलवर चालणारा प्लेअर, सगळं एका सुटकेसमध्ये. संचाचे दोनशे ऐंशी रुपये. मला पहिल्यापासून काही खरं वाटेना. खोक्यावर टेलिफोन कानाला लावून हसणाऱ्या बाईचं चित्र होतं आणि त्या टेलिफोनची तार कुठंच जोडलेली नव्हती. मी उकंडरावाला इंग्रजीत विचारलं, तुमचं गाव कोणतं? त्यानं मागं वळून पाहिलं, कोणाला विचारते म्हणून. मग हसून म्हणाला, "माय, मले कायले इचारता? मी तं इकून राह्यलो. बोलाचं काम इचं," आणि रेकॉर्डीवर टिचकी मारली. बाबा खो खो हसले. मग त्यानं हमीपत्र काढलं. नव्वद दिवसांत बोलता आलं नाही, तर पैसे परत. फक्त इंग्रजी जाणणाऱ्या माणसानं तसं लिहून सही करायची. मी तो कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. ठरवणार कोण, असं विचारलं, तर म्हणतो, "तुमीच की. घरातलं मानूस चालते." एवढं सोपं कोणी देत असेल तर त्यात काहीतरी असतंच, असं मला वाटलं. बाबा म्हणाले, "अवं, तुले येते म्हनून तं घेऊन राह्यलो. फसवते का पाह्य, नसंल तं वापस करू."

मी रोज दुपारी दुकानामागच्या खोलीत, कापडाच्या गाठींवर बसून तपासत होते. रेकॉर्डीतला साहेब आणि मडम फार गोड बोलत. त्यांची छत्री हरवायची आणि लगेच सापडायची. चार दहाची गाडी चार दहालाच यायची. कोणी कोणाला काहून म्हणून विचारत नसे. आमची सिस्टर वाक्य सांगायची आणि थांबून डोळ्यांत पाहायची, समजलं का म्हणून. रेकॉर्ड थांबत नाही. तारामती मात्र सुई उचलून मागं ठेवायची, पुन्हा उचलायची. सातव्या रेकॉर्डीवर तर त्यानं चरा पडलाय. शेजारच्या प्रयागबाईनं खिडकीतून विचारलं, "तुमची सून डब्यातल्या कोनाशी भांडून राह्यली वं?" हॉटेलच्या धड्यात मटण चॉप मागायचं वाक्य आलं, ते काही तिच्या तोंडून निघेना. बटाटे म्हण म्हटलं, तर चातुर्मासात तेही नको. शेवटी तिनं अगदी शुद्ध इंग्रजीत खिचडी मागितली, आणि रेकॉर्डीतल्या माणसानं तिला पुदिन्याचा सॉस हवा का म्हणून विचारलं. आम्ही दोघी गाठींवर पडून हसलो. त्या घटकेला मी सगळं विसरले होते.

पण बाबा विचारायचे, "येऊन राह्यलं का तिले?" आणि मी म्हणायचे, कुठलं, नुसती पोपटपंची आहे, उच्चार कच्चे आहेत, दोनशे ऐंशी पाण्यात. ती भाकरी थापता थापता ऐकत असायची. तिसाव्या दिवशी मी हेच म्हटलं, साठाव्या दिवशीही. आणि साठाव्या दिवशी काय झालं होतं, ते कोणालाच सांगितलं नाही. तुझं ऑगस्टचं पत्र मी ओसरीवर वाचून दाखवलं होतं. मागाहून ती माझ्याजवळ आली आणि अडखळत, इंग्रजीत म्हणाली, आई, तुम्ही मधलं एक पान न वाचता का उलटता? जिनदास, हे वाक्य त्या तीन पुस्तकांत कुठंच नाही. ते तिनं स्वतः तयार केलं होतं. मी काय केलं, सांगू? तिचा एक उच्चार सुधारला आणि दळण निवडायला बसले.

परवा क्षमावणी झाली. मंदिरातून आल्यावर नेहमीप्रमाणे घरातल्या सगळ्यांनी हात जोडून एकमेकांची क्षमा मागितली. तुला ठाऊक आहे, जाणता अजाणता काही चुकलं असेल तर, एवढंच आपण म्हणतो, कोणी चूक सांगत बसत नाही. ती मात्र माझ्या खोलीत आली, पाया पडली आणि म्हणाली, "आई, म्या तुमच्या कपाटातला बिस्किटाचा डबा उघडला. त्यांचे सगळे कागद वाचले. दोन दिस लागले. मले क्षमा करा." त्या डब्याला मी कधी कुलूप लावलं नव्हतं. वाचणारं कोणी नव्हतंच ना. तीन वर्षांपूर्वीचं पहिलं पत्र त्यात होतं, ज्यात तू तिथल्या त्या बाईबरोबर घर मांडल्याचं लिहिलंस आणि तूच बाबांना हळूहळू सांग म्हणालास. तुझ्या मुलीचा फोटो होता. मी तो इतक्यांदा काढून पाहिलाय की कडा मऊ पडल्यात. आणि मार्चचंही होतं, ज्यातलं मधलं पान मी उलटलं होतं: रेकॉर्डींवरून कोणी भाषा शिकत नसतं, तेवढ्यात वर्ष दोन वर्षं निघून जातील. ती शिकणार नाही, अशी तू पैज लावली होतीस, बाळा, आणि ती तू जिंकावीस म्हणून मी तीन महिने झटत होते. मला रेकॉर्डींचा संशय नव्हता. त्या खऱ्या निघतील, याची भीती होती. आणि क्षमा तिनं माझी मागितली. मी तिचे हात धरले आणि खाली बसले. तिनंच मला पाणी दिलं. म्हणाली, "मले तिकडं नाई जायचं आता. पन यापुढं मले कोनी वाचून दाखवू नका."

काल नव्वदावा दिवस होता. हमीपत्र मी भरलं: विद्यार्थिनीला उत्तम बोलता, वाचता व समजता येते, पैसे परत नकोत. खाली सही केली. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की संच पैशांच्या लायकीचा आहे. आता मराठीचं सांगते. टपालात पडण्याआधी हे पत्र आज दुपारी ओसरीवर वाचलं जाणार आहे. तारामती ते तुझ्या बाबांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवील, एकही पान न उलटता, आणि मी समोर बसून ऐकेन. बाबा काय म्हणतील, मला ठाऊक नाही. क्षमावणीची क्षमा मी तुला केली आहे, पण माझी पुरणार नाही. याच पाकिटात तिचं पत्र आहे, इंग्रजीत, दोन पानांचं. चुका पाहून द्या, असं ती मला म्हणाली नाही आणि मीही ते वाचायला मागितलं नाही. तू ते नीट वाच. मुलीला माझा पापा दे.

तुझीच,
आई